मागची बाजू

रविवारचा फोटो पाठवला की अनुजाकडून लाल रेघ यायची. या रविवारी रेघ आली नाही, शब्द आले. मागची बाजू दाखव. रघुवीरने ते वाचलं, फोन टेबलावर पालथा घातला, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, फोन सुलटा केला. शब्द तेच होते. वर्षभरात मुलीने बापाला लिहिलेले हे पहिले शब्द, आणि त्यात बापाचा उल्लेख नव्हता. झाडाचा होता. म्हणजे नीट पाहिलं तर झाडाचाही नव्हता, बाजूचा होता. त्याने चहाचा कप उचलला तर तो रिकामा होता. तरी त्याने तो तोंडाला लावला, कारण स्वयंपाकघराच्या दारातून मेघना बघत होती आणि चहा पिणाऱ्या माणसाला काय झालं म्हणून सहसा कोणी विचारत नाही. मेघनाने विचारलं नाही. ती त्याच्याकडे बघत नव्हतीच, त्याच्या मागच्या घड्याळाकडे बघत होती. तिला कुकर लावायचा होता.

व्यवस्था अशी होती. रविवारी आंघोळ झाल्यावर रघुवीर खिडकीतल्या जपानी मेपलचा फोटो काढी आणि अनुजाला पाठवी. झाड तिचं होतं, कुंडी तिची होती, वाढवण्याचा हट्टही तिचाच. तो फक्त झाडाबरोबर मागे राहिला होता. फोटोखाली तो काही लिहीत नसे. थोड्या वेळाने तोच फोटो परत येई, त्यावर तिने बोटाने ओढलेली लाल रेघ असे, कधी दोन. जिथे रेघ, तिथे कात्री. कापलं म्हणून कळवायचं नाही, ते पुढच्या रविवारी दिसतंच. 'बरा आहेस का' नाही, 'जेवलास का' नाही. त्याच्या वाढदिवसालासुद्धा रेघच आली होती. जरा ठळक वाटली, पण तो चष्म्याचा दोषही असेल. इतका मोजका आणि स्वच्छ व्यवहार या इमारतीतल्या दुसऱ्या कुठल्याच घरात नसेल, असं रघुवीर स्वतःला सांगे. मेघना रोज संध्याकाळी मुलीशी फोनवर बोले, आतल्या खोलीत, दार लोटून. माटुंग्याला दोन मुलींबरोबर राहते, डबा देणारी बाई बरी मिळाली आहे, लोअर परळच्या ऑफिसात एसी हाडात शिरतो, हे सगळं त्याला लोटलेल्या दारातून कळे. मध्यस्थी करायला मात्र मेघना तयार नव्हती. तुमचं झाड तुम्ही बघा, असं ती एकदा म्हणाली होती, आणि मग हा विषय तिने लोणच्याच्या बरणीसारखा फडकं बांधून वर ठेवून दिला होता.

मुळात जपानी मेपलने लालबागात काय करायचं, हा प्रश्न होता. माटुंग्याच्या बोन्सायच्या वर्गातल्या बाईंनी अनुजाला स्पष्ट सांगितलं होतं, वड घे, उंबर घे, ही आपली झाडं, यांना लाथ मारली तरी जगतात. अनुजाने मेपल घेतलं. डोंगरातल्या कुठल्याशा नर्सरीतून कुरियरने आलेलं, पेन्सिलीएवढं. पानं तान्ह्या मुलाच्या पंजासारखी, कोवळी असताना लाल, मे महिन्यात कडेने करपणारी, ऑक्टोबरात पुन्हा करपणारी. पण खरी अडचण उन्हाची नव्हती, झोपेची होती. या झाडाला वर्षातून एकदा कडक थंडी लागते. पानं गाळून ते झोपतं. झोपायला मिळालं नाही तर पालवत राहतं, पालवता पालवता दमतं आणि एक दिवस मरतं. मुंबईची थंडी म्हणजे कपाटातला स्वेटर हवेला लावण्यापुरती. तेव्हा डिसेंबरात पानं हाताने खुडायची, कुंडी पिशवीत गुंडाळायची आणि झाड सरळ फ्रिजमध्ये ठेवायचं, असं अनुजाने शोधून काढलं, आणि फ्रिजचा खालचा सगळा भाग मेपलला गेला. कोकणातल्या माणसांच्या घरात मासळीला जागा उरली नाही. दारावर येणाऱ्या राधाबाईला हे कळलं तेव्हा ती पाटी खाली ठेवून आत बघायला आली. फ्रिजचं दार उघडून ती बराच वेळ उभी राहिली, एखाद्या आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी. मग मेघनाला म्हणाली, "हे इथं झोपलंय, तर माझा पापलेट काय खिडकीत लावशील?" तेव्हापासून हिवाळ्यात त्या घरात आणलेलं म्हावरं त्याच दिवशी संपवायचं असा नियम झाला. रघुवीरला झाडाचा हेवा वाटे. निवृत्त झाल्यापासून त्याला स्वतःला धड झोप लागत नव्हती, पण त्याला फ्रिजमध्ये ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी येणारा प्रत्येक माणूस मेपलकडे बघून एकच गोष्ट बोले. फांद्यांना गुंडाळलेली तार बघायची, मान हलवायची आणि म्हणायचं, मुलांचंही असंच असतं नाही, लहानपणीच वळण लावावं लागतं. हे वाक्य ज्याला त्याला नुकतंच स्वतःला सुचल्यासारखं वाटे. रघुवीर त्यांना ते पूर्ण करू देई आणि मग चहा विचारी. खरं तर तारेचं तसं नसतंच, असं अनुजा तेव्हा सांगायची, ती घरात होती आणि बोलत होती तेव्हा. तार सैल लावायची, रोज बघायची, सालीत रुतायच्या आत काढायची. उलगडत बसायचं नाही, तुकडे करून काढायची, नाहीतर फांदी मोडते. तार वाया जाते, जाऊ दे. तो ऐकायचा आणि मनात म्हणायचा, वाया का घालवायची, जरा धीराने उलगडली तर पुन्हा वापरता येईल. मनातच म्हणायचा असं त्याला वाटे. मेघनाच्या मते तो ते दर वेळी मोठ्याने म्हणत असे.

त्याची सगळी नोकरी पालिकेत झाली, तीही झाडांच्याच खात्यात. फांदी खिडकीला लागते, फांदीवरून उंदीर घरात येतात, फांदीमुळे मुलीचं लग्न जमत नाही, अशा कारणांचे अर्ज येत, आणि रघुवीर जागेवर जाऊन, मान वर करून, किती छाटायचं ते ठरवी. परळपासून गिरगावापर्यंत असा रस्ता नव्हता जिथल्या झाडाखाली तो मान वर करून उभा राहिला नव्हता. परवानगीशिवाय कोणी डहाळीला हात लावला तर तो चिडे. एका सोसायटीच्या चेअरमनला त्याने भर रस्त्यात ऐकवलं होतं, की झाड तुमच्या अंगणात आहे म्हणून ते तुमचं होत नाही. हे वाक्य तो घरी येऊन जेवताना पुन्हा म्हणाला होता. अनुजा तेव्हा शाळेत होती, तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि गेल्या वर्षी, शिमग्याच्या आधी, गिरगावातली माणसं अनुजाला बघायला येणार होती. हितेंद्र नावाचा मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. बघायला असं म्हणायचं नाही, नुसतं भेटायला, असं अनुजाने बजावलं होतं आणि त्यावर ती कशीबशी तयार झाली होती. सकाळपासून घर आवरलं जात होतं. सोफ्याची कव्हरं बदलली, चपलांचं कपाट बंद केलं, वर्तमानपत्रांची रद्दी शेजारी नेऊन ठेवली. रघुवीरची नजर फिरत फिरत खिडकीवर आली. मेपलला खालच्या अंगाला एक फांदी होती, बाकीच्या सगळ्या झाडाहून लांब, वेडीवाकडी, सरळ सोफ्याच्या दिशेने आलेली. अनुजा तिला मोकाट म्हणायची. बोन्सायवाले अशी एक फांदी मुद्दाम कात्रीशिवाय सोडून देतात. ती जेवढी धावते तेवढं तिच्याखालचं खोड जाड होतं, आणि खोड पुरेसं भरलं की मगच ती कापतात. हे रघुवीरला माहीत होतं. ऐकलेलं होतं. पण त्या दुपारी त्याला एवढंच दिसलं की सगळं घर जागच्या जागी बसलेलं आहे आणि ही एक फांदी पाहुण्यांच्या खांद्याला लागणार आहे. अनुजा आत साडीच्या निऱ्या घालत होती. त्याने कात्री घेतली, कापली, पानं कागदात गोळा केली, कट सफाईदार होता म्हणून स्वतःवर खूशही झाला. पाहुणे आले. हितेंद्रच्या आईने झाडाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "हे खोटं आहे का?" तेवढ्यात अनुजा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने बघितलं. ट्रे हलला नाही. तिने सगळ्यांना पोहे दिले, काकांना साखर नको ते लक्षात ठेवलं, हितेंद्रच्या कसल्याशा विनोदावर हसली. पाहुणे लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ती हसरीच होती. मग आत येऊन खिडकीशी उभी राहिली.

"दोन वर्षं सोडली होती ती, बाबा."

"पसरलेली दिसत होती. येईल की पुन्हा."

"तिथे नाही येणार," अनुजा म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात माटुंग्याला राहायला गेली. झाड नेलं नाही. तिथला फ्रिज तिघींत एक होता.

तिथे आली नाहीच. आली ती पावसाळ्याच्या तोंडावर, जरा खाली, खोडाच्या मागच्या बाजूला: तांबडा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. रघुवीरने तो आधी कीड समजून खरवडायला नख लावलं होतं, हे आठवलं की आजही त्याचं नख दुखे. ठिपक्याची काडी झाली, काडीची फांदी. त्याने तिला हात लावला नाही. समोरच्या आणि बाजूच्या टॉवरच्या मधल्या फटीतून त्या खिडकीत काय तो उजेड यायचा, आणि फांदी त्या फटीकडे निघाली. फटीतून पलीकडे लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीची पट्टी दिसे. उतरत्या दुपारी तिच्यावर ऊन आपटून खिडकीत येई. त्याच इमारतीत अनुजाचं ऑफिस होतं. हा योगायोग रघुवीरला स्वतःलाच इतका स्वस्त वाटला की त्याने तो मेघनालाही सांगितला नाही. फोटोचं मात्र काहीतरी करायला हवं होतं, फांदी दिसली की तिच्यावर रेघ येणार. पार्श्वभूमी कोरी हवी, हे अनुजाचंच शिक्षण. त्याने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, त्याच्या पांढऱ्या पाठीला खालून एक खाच पाडली, खाच फांदीवर अडकवून पुठ्ठा खोडाच्या मागे उभा केला. पुढून झाड, मागे पांढरं, फांदी पुठ्ठ्याच्या पल्याड. रविवारी पुठ्ठा लावायचा, फोटो काढायचा, पुठ्ठा कपाटामागे. या हिवाळ्यात फांदी फ्रिजमध्ये मावेना. तिला सुतळीने हलकेच वाकवून अंड्यांच्या कप्प्यापर्यंत नेली होती आणि अंडी महिनाभर टोपलीत राहिली. मेघनाने अंडी टोपलीत ठेवली, सुतळीकडे बघितलं, दार लावलं.

आता अनुजा म्हणत होती, मागची बाजू दाखव. खिडकीशी उभं राहून रघुवीरने मागच्या बाजूकडे तिच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. त्याच्या मनात ही फांदी म्हणजे जे बोलायला त्याला जमलं नव्हतं ते होतं. हातभर लांब झालं होतं. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? तिला न विचारता, तिच्या झाडावर, पुन्हा. एकदा न विचारता कापलं, एकदा न विचारता वाढवलं. आणि दुसऱ्या वेळी वर पुठ्ठा लावून. चेअरमनही निदान उघड्यावर कापत होता. हे कळल्यावर ती रागावणार नाही, रागवायची तिला सवयच नाही, ती नुसती रेघ मारायची थांबेल. मग रविवारी आंघोळ झाल्यावर त्याने काय करायचं? दुसरा उपाय साधा होता. कापायचं, कटाला माती चोळायची, फोटो पाठवायचा. मागची बाजू कोरी. कात्री तिथेच, पाण्याच्या पिंपाशेजारी होती. ती न घेता त्याने चपला घातल्या आणि काहीतरी आणायचंय असं पुटपुटत तो खाली उतरला.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मोसम सुरू झाला होता. मिरच्या कुटायच्या डंकात पडत होत्या, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण नाकाला रुमाल लावून एखाद्या अंत्ययात्रेत असल्यासारखा चालला होता. रघुवीरला शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. इथे ते येतंच, कोणी वळून बघत नाही, ही सोय त्याच्या लक्षात आली. सवयीने त्याची मान वर गेली. फुटपाथवरच्या पर्जन्यवृक्षाला जुने कट होते, त्यातले काही त्याच्याच शिफारशीचे असणार. काही कट झाडाने कडेने साल ओढून मिटवले होते, काही तसेच उघडे, आत काळे पडलेले. कुठला मिटेल आणि कुठला नाही हे कापताना कधी कळत नाही, असं त्याला वाटलं, आणि इतकी वर्षं आपण हे कुठेच लिहून दिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. टॉवरच्या जागी चाळ होती तेव्हा इथूनच घराचा जिना दिसायचा. आता मान बरीच वर करावी लागे आणि तरी आपली खिडकी कुठली ते मजले मोजल्याशिवाय कळत नसे. त्याने मोजायला सुरुवात केली, मध्येच शिंक आली, मोजदाद चुकली. आपली खिडकी कुठली हे न कळता खाली उभं राहणं त्याला असह्य झालं. अनुजाही कधी इथून, ऑफिसातून बसने जाताना, अशी वर बघत असेल का? तिला मजले मोजायला वेळ मिळत नसणार. सिग्नल लवकर सुटतो.

तो हात हलवत परत आला.  मेघना खिडकीशी होती, मेपलच्या नव्या मोकाट फांदीवर बसलेली धूळ ओल्या कपड्याने पुसत होती, पान पान करून, जणू ती फांदी पहिल्यापासून घरातल्या फर्निचरपैकी होती.

"कापा नाहीतर पाठवा," ती म्हणाली. "असे येरझारा घालू नका. खालच्या सावंतवहिनी वर येतील."

"तिला काय वाटेल?"

"मला काय वाटलं ते विचारलंत कधी? रोज पुसते मी हिला."

 रघुवीरने कुंडी फिरवली. आजवर एकदाही फिरवली नव्हती. खाली मातीचं कडं उमटलं होतं. फांदी आता खोलीत आली, सोफ्याच्या दिशेने, वर्षापूर्वीची होती तशीच, वेडीवाकडी, पाहुण्यांच्या खांद्याला लागेल अशी. टोकाला नुकतीच फुटलेली पानं होती, फ्रिजमधून बाहेर आल्यानंतरची पहिली, इतकी लाल की ती पानं न वाटता काहीतरी चूक वाटत होती. मागे पुठ्ठा नाही, मागे खिडकीचं ग्रिल, समोरच्या टॉवरचे एसी, कोणाचातरी वाळत घातलेला टॉवेल. त्याने फोटो काढला, हलला, दुसरा काढला, पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. म्हणजे तिने फोन हातातच धरला होता. मग काही नाही. कुकरची शिट्टी झाली. रघुवीरने टॉवेलचे रंग मोजले. मग फोटो परत आला.

त्यावर रेघ होती. लाल, आडवी, बरोबर फांदीच्या मुळाशी.

तर असं. त्याला वाईट वाटायच्या आधी त्याचे हात हलले, कारण वर्षभर हातांना एवढंच शिकवलेलं होतं. जिथे रेघ, तिथे कात्री. त्याने कात्री घेतली, पाती उघडली, फांदीच्या मुळाशी दोन्हीकडून टेकवली. साल थंड होती. निदान या वेळी परवानगी आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि लेखी आहे, असंही आलं. आणि हे दुसरं मनात आल्याबद्दल त्याला स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"थांबा," मेघना म्हणाली. तिने टेबलावरचा फोन लांब धरला होता, चष्मा न लावता वाचतात तसा. "लिहितेय ती अजून."

रघुवीर थांबला. पाती उघडी, फांदी मध्ये. फोनवर तिचं लिहिणं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं.  कात्री काढावी तर पातं सालीला लागेल, मिटावी तर संपलंच. तो जसा होता तसा राहिला, इतका स्थिर की हीसुद्धा एक तारच आहे असं त्याला वाटलं. मग मेघनाने वाचलं, शाळेत हजेरी घेतल्यासारखं, एकेक शब्द सुटा.

"आत्ता नाही. खोड भरलं की. मी येऊन कापीन."

तिने फोन आणखी लांब धरला.

"आणि तो पुठ्ठा फेकून दे. खाच दिसते."

त्याने कात्री काढली. कशी काढली ते त्याला कळलं नाही, पण टोकाचं एक पानही पडलं नव्हतं. मग त्याने मेघनाकडून फोन घेतला आणि मागे मागे जात सगळे रविवार बघितले. पहिल्या पुठ्ठ्यापासून खाच दिसत होती. खोडाच्या कडेला, बारीक, काळी, लपवणाऱ्याला सोडून कोणालाही दिसेल अशी. प्रत्येक फोटोत तिच्या रेघा त्या खाचेच्या आसपास हिंडल्या होत्या, वर, डावीकडे, उजवीकडे. खाचेवर एकही आली नव्हती. म्हणजे तिने बघितलं होतं, दर रविवारी, आणि फांदीला वाढू दिलं होतं. की त्याला? मेघनाने जेवायला हाक मारली. त्याने पुठ्ठा कपाटामागून काढला, घडी केली, कचऱ्यात टाकला, तो उलगडून वर आला म्हणून पुन्हा दाबला.

जेवण झाल्यावर तो खिडकीशी गेला आणि अंगठा आणि पहिलं बोट जुळवून मेपलच्या खोडाचा बुंधा मापला. बोटं सहज एकमेकांवर चढत होती. ज्या दिवशी चढणार नाहीत त्या दिवशी ती येणार. आणि ज्या दिवशी येणार त्याच दिवशी कापणार, त्यानंतर रेघा कशावर मारायच्या ते कोणी सांगितलेलं नव्हतं. पलीकडच्या काचेवर ऊन आलं, फटीतून आत आलं, आणि आता खोलीकडे तोंड करून असलेल्या फांदीच्या पाठीवर पडलं. कुंडी पुन्हा फिरवावी का, हे त्याला कळेना. त्याने तांब्या भरून घेतला. माती कोरडी होती, पाणी घालायलाच हवं होतं. पण सढळ हाताने घालावं की आखडत्या, हे न ठरल्यामुळे तो बराच वेळ तांब्या तिरका धरून उभा राहिला.